शोधायला इंडियन कानून, उद्धृत करायला मूळ प्रत: विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधासाठी कायद्याच्या मोफत संकेतस्थळांची पारख

शोधनिबंधात कायद्याचा विषय आला की जाणकार परीक्षक आधी तळटिपा उघडतो. ‘सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे’ या वाक्याखाली वर्तमानपत्राची बातमी किंवा क्लासच्या नोट्सचा हवाला दिसला, की पुढचा युक्तिवाद कितीही चांगला असो, त्याचे वजन कमी होते. ही नामुष्की टाळायला आज पैसे लागत नाहीत. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र या सशुल्क निकाल-संग्रहांची वर्गणी कॉलेजने भरलेली नसली तरी एलएलबी, एलएलएम किंवा राज्यशास्त्राच्या एमएचा निबंध मोफत संकेतस्थळांवर नीट उभा राहतो. मात्र कुठले संकेतस्थळ कोणत्या कामाचे आणि कुठे फसगत होते, हे पक्के ठाऊक हवे.

सगळ्यात जास्त वापरले जाणारे संकेतस्थळ म्हणजे इंडियन कानून. २००८ पासून ते चालू आहे, शोध आणि वाचन फुकट आहे, आणि शोधयंत्र म्हणून त्याच्या तोडीचे दुसरे मोफत साधन नाही. एकाच चौकटीत सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालये, अनेक न्यायाधिकरणे आणि कायद्यांची कलमे एकदम धुंडाळता येतात. त्याची खरी ताकद निकालाच्या माथ्यावरच्या दोन दुव्यांत आहे: या निकालाने कोणाचे दाखले दिले, आणि पुढे कोणी याचा दाखला दिला. दुसऱ्या दुव्यावर टिचकी मारा, तारखेनुसार लावा, आणि आपला निकाल आजही उभा आहे की मोठ्या पीठाने बाजूला सारला आहे याचा अंदाज अर्ध्या तासात येतो. बरेच विद्यार्थी हा दुवा उघडतच नाहीत. मग आणीबाणीतल्या मूलभूत हक्कांवरच्या १९७६ च्या एडीएम जबलपूर निकालावर दोन पाने खर्ची पडतात आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालाने तो रद्दबातल ठरवला याचा उल्लेख कुठेच नसतो.

शोधताना विषयाचे नाव टाकू नका, न्यायाधीश वापरतात तो शब्दप्रयोग टाका. ‘महिलांचे हक्क’ याचे इंग्रजी टाकले तर हजारो निकाल अंगावर येतील. ‘मॅनिफेस्ट आर्बिट्ररीनेस’ (उघड मनमानी) हे शब्द दुहेरी अवतरणात, इंग्रजीत टाकले तर कामाचे तेवढेच येतील. दोन शब्दसमूह एकत्र हवे असतील तर मधला ‘अँड’ मोठ्या लिपीत आणि शेवटी दोन ‘डी’ घालून लिहावा लागतो. एकच ‘डी’ लिहिला तर यंत्र तो साधा शब्द समजते. न्यायालय आणि कालावधी यांची चाळणी ॲडव्हान्स्ड सर्चच्या फॉर्मवर आहेच.

महाराष्ट्रातल्या कायद्यांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘मुंबई’ नावाचे अनेक जुने अधिनियम २०१२ च्या महाराष्ट्र अधिनियम २४ ने ‘महाराष्ट्र’ नावाचे झाले. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे, कूळ कायद्याचेही तेच. त्यामुळे फक्त नव्या नावाने शोधले तर साठ वर्षांचे निकाल निसटतात. डान्सबारबंदीच्या कलम ३३अ वर लिहायचे असेल तर ‘बॉम्बे पोलीस ॲक्ट’ हेच नाव टाकावे लागेल. निबंधात मात्र आजचे नाव द्यावे आणि पहिल्या उल्लेखाला जुन्या नावाची तळटीप जोडावी.

आता इंडियन कानूनवर फसायला होते त्या जागा. त्या माहीत असल्या तर संकेतस्थळ निर्धास्त वापरता येते.

पहिली जागा हेडनोटची. १९५० ते १९९० च्या दशकांतले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल उघडले की वर पक्षकार, तारीख, पीठ, मग ‘ॲक्ट’, मग ‘हेडनोट’ आणि त्यानंतर कुठेतरी ‘जजमेंट’ हा शब्द येतो. हेडनोट रिपोर्टच्या संपादकाने केलेला सारांश असतो, न्यायालयाचा शब्द नव्हे. ती सुटसुटीत असते, त्यामुळे नेमकी तीच वाक्ये अवतरणात घालून न्यायमूर्तींच्या नावावर खपवली जातात. जुना निकाल उघडल्यावर पानात ‘जजमेंट’ हा शब्द शोधून सरळ तिथे उतरावे. याच माथ्यावर कधी कधी ‘सायटेटर इन्फो’ अशी बारीक यादी असते: एक अक्षर, वर्ष, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) या निकालमालिकेचा पान क्रमांक. ‘एफ’ म्हणजे अनुसरला, ‘डी’ म्हणजे वेगळा काढला, ‘ओ’ म्हणजे उलटवला. यादी जुन्या काळातच थांबलेली असली तरी तोवरचा निकालाचा प्रवास एका नजरेत दिसतो. वर्गात ती फारशी कोणी दाखवत नाही.

दुसरी जागा परिच्छेद क्रमांकांची. निकालातला मुद्दा सांगताना परिच्छेद क्रमांक हवाच, पण तो प्रतीगणिक बदलतो. एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस) या खासगी निकालमालिकेतले क्रमांक कधी संपादकांनी घातलेले असतात. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा मूळ मजकूर सर्वांना खुला ठरवला, तरी परिच्छेद पाडून क्रमांक देण्याच्या संपादकीय कामाला स्वामित्वहक्काचे संरक्षण दिले, ते याचमुळे. वाचायचे इंडियन कानूनवर आणि तळटिपेत लिहायचे ‘(२०१५) ५ एससीसी १, परिच्छेद अमुक’, असे केले तर परीक्षक एससीसी उघडून पाहील आणि तिथे भलताच परिच्छेद असेल. जी प्रत वाचली तिचाच क्रमांक द्या.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची: एकाच निकालातली अनेक मते. मराठा आरक्षणाचा निकाल घ्या. या विषयावर दरवर्षी कितीतरी निबंध लिहिले जातात. जयश्री लक्ष्मणराव पाटील विरुद्ध मुख्यमंत्री, महाराष्ट्र या नावाने शोधले की किमान दोन महत्त्वाचे दस्तऐवज समोर येतात. एक ९ सप्टेंबर २०२० चा अंतरिम आदेश, तीन न्यायमूर्तींचा, ज्यात अंमलबजावणीला स्थगिती देऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवले. दुसरा ५ मे २०२१ चा घटनापीठाचा अंतिम निकाल. नाव सारखेच असल्यामुळे घाईत पहिलाच उघडला जातो. दुसरा उघडला तरी तो शेकडो पानांचा आहे आणि सुरुवातीला न्यायमूर्ती अशोक भूषण यांचे मत आहे. मराठा समाजाला दिलेले आरक्षण घटनाबाह्य आहे आणि आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घालणाऱ्या इंद्रा साहनी निकालाचा फेरविचार नको, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. पण १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागासवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार उरला का, या प्रश्नावर पीठ ३ विरुद्ध २ असे फुटले. त्यात न्यायमूर्ती भूषण आणि न्यायमूर्ती नझीर अल्पमतात होते. बहुमत न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या मतात आहे आणि ते बरेच पुढे येते. पहिल्या मतावर वाचन थांबवणारा विद्यार्थी १०२ व्या दुरुस्तीने घातलेल्या अनुच्छेद ३४२अ बद्दल अल्पमतच न्यायालयाचा निर्णय म्हणून लिहून टाकतो. शिवाय बहुमताचा तो अर्थ संसदेने त्याच वर्षी १०५ व्या घटनादुरुस्तीने पुसून टाकला. म्हणजे हा एक मुद्दा धड मांडायला तीन मूळ साधने लागतात: दोन्ही मते आणि दुरुस्ती अधिनियम. राज्याने २०२४ मध्ये केलेला नवा आरक्षण अधिनियम आणि २०१८ चा जुना, यांची नावेही जवळजवळ सारखी आहेत, त्यामुळे वर्ष न लिहिता नुसते ‘एसईबीसी कायदा’ (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांचा) म्हणणे चालणार नाही.

अशा निकालांत उलटीकडून सुरुवात करावी. शेवटी सर्वांच्या सहीचा ‘ऑर्डर ऑफ द कोर्ट’ आहे का ते पाहावे. पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी मिळून सहा मते लिहिली. त्यांपैकी सर्वांत जास्त उद्धृत होणारे न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे मत चारच न्यायमूर्तींचे आहे, बहुमताचे नव्हे. नवांनी मिळून नेमके काय ठरवले, ते शेवटच्या आदेशात आहे. निबंधात आधी तो आदेश, मग ‘न्या. चंद्रचूड यांच्या मते’ असे नाव घेऊन अवतरण.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची मूळ प्रत म्हणजे ई-एससीआर, जे पुढे डिजिटल एससीआर झाले. २ जानेवारी २०२३ रोजी ते खुले झाले आणि विद्यार्थ्यांसाठी गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत मोठी सोय आहे. इथे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स या अधिकृत मालिकेची पाने छापील पान क्रमांकांसह पीडीएफमध्ये मिळतात. जुन्या खंडांच्या समासात ए पासून एच पर्यंत अक्षरे असतात, त्यामुळे ‘पान ४१२, ड’ इतका नेमका दाखला देता येतो. शोध इंडियन कानूनइतका चपळ नाही, कॅप्चा मधे येतो, आणि रिपोर्टमध्ये छापलेलेच निकाल मिळतात. दैनंदिन आदेश आणि न छापलेले निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य संकेतस्थळावर खटला क्रमांकाने काढावे लागतात. म्हणून क्रम असा ठेवावा: इंडियन कानूनवर सापडवा, तारीख आणि पक्षकार टिपा, एससीआरची पीडीएफ उतरवा, अवतरण तिथल्या मजकुराशी शब्दशः ताडून पाहा. जुन्या निकालांच्या संगणकीय प्रतींत अक्षरांची गल्लत असते. एखादा ‘नॉट’ गळाला तर अर्थ उलटा होतो.

२०२३ पासून न्यूट्रल सायटेशनही आहे: वर्ष, आयएनएससी, क्रमांक. कोणत्याही खासगी प्रकाशकावर अवलंबून नसलेला हा दाखला शोधनिबंधात आधी द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यूट्रल सायटेशनमधून आणखी माहिती मिळते. ‘बीएचसी’नंतर ‘एएस’ असेल तर मुंबईची अपील शाखा, ‘ओएस’ असेल तर मूळ शाखा, ‘एनएजी’ म्हणजे नागपूर, ‘एयूजी’ म्हणजे औरंगाबाद. शेवटी ‘डीबी’ असेल तर निकाल दोन न्यायमूर्तींचा आहे. एकल न्यायमूर्तींचा निकाल आणि द्विसदस्य पीठाचा निकाल यांचे वजन सारखे नसते, आणि परस्परविरोधी निकाल सापडले तर कोणाला धरायचे हे या दोन अक्षरांवर ठरते. उच्च न्यायालयांच्या सही केलेल्या प्रती ई-कोर्ट्सच्या निकाल पोर्टलवर मिळतात. तिथेही कॅप्चा आहे, पण मोफत आहे आणि प्रत अस्सल आहे.

कलमाचा मजकूर इंडियन कानूनवरून कधीही उचलू नये. त्यासाठी इंडिया कोड हे सरकारी भांडार आहे. केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम कलमवार, सुधारणांच्या तळटिपांसह तिथे आहेत. त्याची मोठी मर्यादा अशी, की तिथे कलमाचे आजचे रूप मिळते. २००५ मध्ये ते कसे होते, हे एका टिचकीवर दिसत नाही. ते तळटिपांवरून मागे जाऊन काढावे लागते. भारतीय दंड संहितेचे कलम ३७५ घ्या. तळटीप सांगते: २०१३ च्या अधिनियम १३ ने बदलले, ३ फेब्रुवारी २०१३ पासून लागू. राष्ट्रपतींची संमती एप्रिलची, मग अंमल फेब्रुवारीपासून कसा? कारण ३ फेब्रुवारीला आधी अध्यादेश निघाला होता आणि अधिनियमाने त्याची जागा घेतली. २०१२ मधल्या गुन्ह्यावरचा निकाल २०१५ मध्ये लागला असेल तर त्यात जुनीच व्याख्या लावलेली असेल. निकालाची तारीख पाहून नवी व्याख्या चिकटवली तर विश्लेषणाचा पायाच चुकतो. गुन्ह्याची तारीख पाहायची.

हीच काळजी आता नव्या फौजदारी कायद्यांबाबत दुप्पट घ्यावी लागते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण ती लागू करणाऱ्या अधिसूचनेने कलम १०६ चे पोटकलम (२), म्हणजे अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाची वाढीव शिक्षा, वगळले. बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे अधिनियमाच्या छापील पुस्तिकेत, पोटकलम छापलेले दिसते. त्यामुळे ते त्याच दिवसापासून अमलात आले असे गृहीत धरून निबंध लिहिले जातात. अधिनियम संमत होणे आणि अमलात येणे या दोन घटना आहेत, आणि दुसरीचा पुरावा ई-गॅझेट या सरकारी राजपत्राच्या संकेतस्थळावरच्या अधिसूचनेत असतो. कलम १ च्या पोटकलमात ‘केंद्र सरकार ठरवील त्या तारखेस’ असे शब्द दिसले की अधिसूचना काढून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती मंत्रालय आणि तारखेच्या पट्ट्याने शोधावी. नुसत्या एस.ओ. क्रमांकाने, म्हणजे अधिसूचनेवरच्या क्रमांकाने, शोधले तर गोंधळ होतो, कारण दरवर्षी तेच क्रमांक नव्याने सुरू होतात.

न्यायालयाने रद्द केलेले कलमही छापील अधिनियमातून आपोआप नाहीसे होत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा देणारे कलम ६६अ श्रेया सिंघल निकालाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरले. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. पोलीस ठाण्यात जे घडले ते शोधनिबंधातही घडते. प्रत्येक कलम इंडियन कानूनवर न्यायालयाच्या चाळणीसह एकदा शोधून घ्यावे. आणि केंद्रीय कायद्याला महाराष्ट्राची दुरुस्ती आहे का तेही पाहावे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे अटकपूर्व जामिनाचे कलम ४३८ महाराष्ट्रात १९९३ पासून वेगळ्या शब्दांत होते, आणि केंद्रीय मजकूर घेऊन मुंबई उच्च न्यायालयाचे त्या काळातले निकाल समजत नाहीत.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. महाराष्ट्राच्या अधिनियमाचा मराठी पाठ राजपत्रात मिळतो, म्हणून इंग्रजीवरून स्वतः भाषांतर करत बसू नये. मराठीत संमत झालेल्या अधिनियमाचा जो इंग्रजी अनुवाद राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात छापला जातो, तो अनुच्छेद ३४८(३) नुसार इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानतात. जादूटोणाविरोधी कायद्यासारख्या विषयात ‘अघोरी’, ‘अमानुष’ या शब्दांचा अर्थ लावायचा तर मराठी पाठ पुढ्यात हवाच. निकालांचे मात्र उलटे आहे. सर्वोच्च न्यायालय आपल्या संकेतस्थळावर मराठी अनुवाद देते, पण त्याखालीच खुलासा असतो की अनुवाद पक्षकाराला समजण्यापुरता आहे आणि अधिकृत प्रत इंग्रजीच. समजून घ्यायला तो जरूर वाचावा. अवतरण देताना स्वतःचे भाषांतर मजकुरात आणि मूळ इंग्रजी वाक्य तळटिपेत ठेवावे.

शासन निर्णयांचे संकेतस्थळ हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचे न वापरलेले धन आहे. शिष्यवृत्ती, आश्रमशाळा, पुनर्वसन, शिक्षक भरती, काहीही घ्या, प्रत्यक्ष कारभार या शासन निर्णयांवर, म्हणजे जीआरवर, चालतो. प्रत्येक जीआरच्या शेवटी १८ अंकी संकेतांक असतो आणि तोच तळटिपेत द्यायचा. विभागाचे नाव आणि तारीखही लिहावी. सुरुवातीच्या ‘वाचा’ या मथळ्याखाली आधीच्या जीआरची यादी असते. तिच्यावरून मागे मागे गेले की धोरण कसे बदलत गेले याचा पूर्ण माग लागतो. पुढच्या दिशेने असा धागा नाही, हा मोठा दोष आहे. नंतर शुद्धिपत्रक निघाले किंवा जीआर अधिक्रमित झाला तर जुन्या पानावर त्याची खूण दिसत नाही. त्याच विभागाचे पुढच्या वर्षांचे जीआर विषयातल्या एकाच शब्दाने शोधून खात्री करावी लागते. पूर्ण विषय टाकला तर शुद्धलेखनातल्या फरकामुळे काहीच हाती लागत नाही.

घटनेवर लिहिणाऱ्यांसाठी संविधान सभेतील चर्चा ९ डिसेंबर १९४६ पासून तारखेवार, बारा खंडांत ऑनलाइन आहेत. इथे सगळा घोळ अनुच्छेद क्रमांकांचा. सभेत मसुद्याचे क्रमांक चालत: आजचा ३२ तेव्हा २५ होता, ४४ तेव्हा ३५, ३७० तेव्हा ३०६अ. डॉ. आंबेडकरांनी ज्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले त्या अनुच्छेदाची चर्चा ९ डिसेंबर १९४८ ची, आणि ती मसुद्याच्या २५ व्या अनुच्छेदावरची. दुसरे, चर्चा शेवटपर्यंत वाचावी. एखाद्या सभासदाचे जोरदार भाषण सापडते, ते ‘घटनाकारांचे मत’ म्हणून निबंधात बसते, आणि त्याने मांडलेली दुरुस्ती त्याच दिवशी मतदानाने फेटाळली गेलेली असते.

चॅटबॉटकडून खटल्यांची यादी घेऊन ती तशीच तळटिपांत टाकणे हा सध्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माता विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी असे अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. नाव आणि सायटेशन अगदी खरे वाटते. एससीआरवर किंवा ई-कोर्ट्सवर पीडीएफ उघडली नाही तोवर तो निकाल नाही असेच धरावे.

सशुल्क सेवांना पैसे केव्हा मोजावेत? निकाल पुढे अनुसरला की उलटवला याची संपादकांनी तपासलेली नोंद तिथे मिळते, आणि पीएचडीच्या कामात ती वेळ वाचवते. पदवीच्या निबंधासाठी घरून वर्गणी भरायची गरज नाही. जिल्ह्याच्या गावी एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या ग्रंथालयात नागपूरहून निघणाऱ्या एआयआरचे जुने खंड सहज असतात. पान क्रमांक ताडायला तेवढे पुरतात.

पीडीएफ उतरवली की लगेच फाइलला नाव द्यावे: तारीख, न्यायालय, पक्षकार, न्यूट्रल सायटेशन. न्यायालयांच्या संकेतस्थळांवरच्या बऱ्याच लिंक कॅप्चानंतर तेवढ्यापुरत्या तयार होतात आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत, म्हणून तळटिपेत अशी लिंक देऊ नये. खटला क्रमांक, तारीख आणि परिच्छेद दिला की परीक्षकाला प्रत स्वतः काढता येते.